डबीत नुसते पाणी

१३ फेब्रुवारी २०१४. लोकसभेत गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे तेलंगण निर्मितीचे विधेयक मांडायला उभे राहिले आणि त्या गदारोळात विजयवाड्याचे खासदार एल. राजगोपाल यांनी पेपर स्प्रे काढून फवारायला सुरुवात केली. काही क्षणांत सभागृहभर खोकला पसरला. खासदार डोळे चोळत बाहेर धावले, काहींना रुग्णालयात न्यावे लागले, कामकाज थांबले. आपण हे स्वसंरक्षणासाठी केले, असे राजगोपाल यांनी नंतर सांगितले.

राजकारण बाजूला ठेवले, तर त्या दिवशी देशाला या वस्तूचा एक गुणधर्म थेट प्रक्षेपणात कळला. बंद जागेत हा फवारा शत्रू-मित्र ओळखत नाही. मारणाऱ्यालाही ओळखत नाही. त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०१२च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, देशभर या डब्यांची विक्री एकदम वाढली होती. आईने मुलीला, भावाने बहिणीला, कंपनीने रात्रपाळीच्या कर्मचारी महिलांना त्या घेऊन दिल्या. त्यातल्या कितीतरी अजूनही पर्सच्या तळाशी, रुमाल, पास आणि सुट्ट्या पैशांच्या खाली पडून असतील. अशी डबी बाळगणाऱ्या एखादीला सहज विचारून पाहावे, की कुलूप डावीकडे फिरते की उजवीकडे? बहुतेकदा उत्तरासाठी डबी बाहेर काढून बघावी लागते. रात्री साडेदहाला, निर्मनुष्य जिन्यात, ती बघायला सवड मिळणार नसते.

या अडचणीवर एक साधा उपाय आहे. पेपर स्प्रेसारखीच दिसणारी, तेवढ्याच वजनाची, तशाच कळीची डबी. आत दाब देणारा वायूही असतो, फवाऱ्याची धारही तशीच सुटते, फक्त मिरचीचा अर्क नसतो. त्याऐवजी निरुपद्रवी, पाण्यासारखा द्रव. प्रशिक्षक तिला डमी किंवा सरावाची डबी म्हणतात. अमेरिकेतील मिझुरी राज्यात १९७५ साली सुरू झालेली सेबर ही कंपनी खऱ्या डबीबरोबर सरावाची डबी जोडूनच काही संच विकते. पोलीस प्रशिक्षणातही अशा डब्या नेहमी वापरल्या जातात. पाण्याची डबी विकत घ्यायची ही कल्पना मराठी माणसाला आधी गमतीची वाटेल, पण तिच्यामागे हिशेब आहे आणि तो कळण्यासाठी आधी खऱ्या डबीत काय असते ते पाहिले पाहिजे.

फोडणीत सुकी मिरची करपली की पलीकडच्या खोलीतला माणूसही ठसकतो. पेपर स्प्रेचे सगळे शास्त्र त्या ठसक्यात आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य शरीरातील एका विशिष्ट ग्राहकाला चेतवते. टीआरपीव्ही-१ असे त्याचे नाव. हा ग्राहक एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढची, म्हणजे भाजणारी उष्णता ओळखण्यासाठी असतो. मिरची लागली की त्वचा खरोखर भाजत नाही, पण मेंदूला निरोप भाजल्याचाच जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हा ग्राहक शोधून काढला आणि त्या कामासाठी त्यांना २०२१चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्प्रेमध्ये मिरचीतून द्रावकाने काढलेला तेलकट अर्क असतो, ओलिओरेझिन कॅप्सिकम. खाद्यउद्योगालाही असाच अर्क लागतो आणि केरळातील कारखाने त्यासाठी जगभर ओळखले जातात. डोळ्यांवर तो पडला की पापण्या आपोआप घट्ट मिटतात, नाका-घशाचे अस्तर सुजते, खोकल्याची उबळ येते. साधारण अर्धा-पाऊण तास माणूस धड पाहू शकत नाही.

डबीवर ‘१० टक्के’ असे ठळक छापलेले असते, त्यावर मात्र फार भाळू नये. तो अर्काचा वाटा झाला; अर्कात खरा तिखटपणा किती, हे त्यावरून कळत नाही. तो कळतो मुख्य कॅप्सेसिनॉइड्सच्या टक्केवारीवरून आणि चांगल्या डब्यांत ती १.३ टक्क्यांच्या आसपास असते. ब्याडगी आणि लवंगी या दोन्ही मिरच्याच. पण शेरभर ब्याडगीने जे होणार नाही ते मूठभर लवंगी करते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

इथे एक प्रश्न हमखास येतो. मग साधी मिरचीपूड काय वाईट? ‘डोळ्यांत मिरचीपूड फेकून लुटले’ ही बातमी मराठी वृत्तपत्रांत इतकी नेहमीची आहे की दरोडेखोरांनी ही युक्ती केव्हाच आपलीशी केली आहे, असे म्हणायला हरकत नाही. पण पूड फेकणारा आधी जवळ येतो, दबा धरून असतो आणि वाऱ्याची दिशा निवडू शकतो. जिच्यावर हल्ला होतो तिच्या हातात यातले काहीच नसते. पुडी उघडताना अर्धी पूड तिच्याच अंगावर. दाबाखाली सुटणारी धार दोन-तीन मीटरवर जाते, हा स्प्रेचा मोठा फायदा. तो मिळवण्यासाठी धार कुठे जाते याचा हाताला अंदाज हवा.

तिखटाचा असा उपयोग आधी माणसांवर झाला नव्हता, कुत्र्यांवर झाला होता. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्जिया विद्यापीठातील संशोधनातून ‘हॉल्ट’ नावाचा फवारा तयार झाला. त्यात ०.३५ टक्के कॅप्सेसिन होते आणि तो तिथल्या पोस्टमननी उचलून धरला. मग १९८०च्या दशकात मोंटाना राज्यात अस्वलांसाठीचा मोठा डबा आला. सरावाच्या डब्याचे महत्त्व सर्वांत चांगले कळते ते या अस्वलांच्या मुलुखात.

ग्रिझली अस्वल ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकते, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मीटर. अस्वलासाठीच्या फवाऱ्याचा पल्ला साधारण ९ मीटर. गणित करणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल की अस्वल पल्ल्यात आल्यावर डबा शोधायला धड एक सेकंदसुद्धा उरत नाही. म्हणून यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानांत पर्यटकांना पाण्याच्या डब्यांवर प्रात्यक्षिक देतात: डबा पाठीवरच्या पिशवीत न ठेवता कमरेला लावायचा, सुरक्षा-खिट्टी अंगठ्याने उडवायची, किंचित खाली रोखून मारायचे म्हणजे अस्वलाला फवाऱ्याच्या ढगातूनच यावे लागते. काही ठिकाणी रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीवर अस्वलाचा पुतळा बसवून तो शिकाऊ माणसाच्या अंगावर सोडतात. पुतळा आहे हे माहीत असूनही माणसे गडबडतात. आणि न शिकता डबा घेऊन गेलेल्यांची तऱ्हा तर आणखी न्यारी. काहींनी तो डासांच्या औषधासारखा तंबूवर आणि स्वतःच्या अंगावर मारून घेतला आहे. उद्यानांना आजही तसे करू नका म्हणून बजावावे लागते.

अलास्कातील अशा घटनांचा टॉम स्मिथ, स्टीफन हरेरो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. १९८५ ते २००६ या काळातल्या नोंदी त्यांनी तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या ९२ टक्के प्रसंगांत फवाऱ्याने अस्वल थांबले. डबा जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के लोक विनाइजा सुटले. याच अभ्यासात आणखी दोन आकडे आहेत, ते जाहिरातीत सहसा येत नाहीत. ७ टक्के प्रसंगांत वाऱ्याने धार बिघडवली आणि सुमारे १४ टक्के प्रसंगांत फवारा मारणाऱ्यालाच कमी-अधिक झोंबला. म्हणजे वस्तू उपयोगी आहे, आणि ती हाताळणाऱ्यावरही उलटते.

माणसांच्या बाबतीत अंतराचा हिशेब घातला सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर या पोलीस प्रशिक्षकाने. १९८३ साली त्यांनी मांडले की सुरा घेऊन धावून येणारा माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. या आकड्यावर पोलीस वर्तुळात पुढे बरेच वाद झाले. त्या वादांशी इथे कर्तव्य नाही. पण पाण्याची डबी हाती असेल तर हा प्रयोग कोणत्याही शाळेच्या पटांगणात करता येतो. डबी नेहमी असते तशीच पर्समध्ये, चेन लावून. मैत्रीण २१ फुटांवर. ती धावू लागली की चेन उघडायची, डबी शोधायची, कुलूप सोडवायचे, कळ दाबायची. पहिल्या खेपेला मैत्रीण खांद्याला हात लावून हसत उभी असते आणि डबी अजून पर्समध्येच असते. डबी पर्समध्ये ठेवू नये, निर्जन रस्त्यावर ती आधीच मुठीत असावी, हा सल्ला दहा वेळा ऐकून जे पटत नाही ते या एका धावेत पटते.

मग पकड. सवयीने लोक अत्तराची किंवा डिओची बाटली धरतात तशी डबी धरतात, तर्जनी कळीवर ठेवून. अशी पकड एका फटक्यात सुटते. डबी मुठीत आवळून अंगठा वर ठेवला तर हात मजबूत राहतो आणि तोच अंगठा कुलूपही सोडवतो. कुलपांचे प्रकार वेगळे: कुठे कळ बाजूला फिरवायची, कुठे झाकणाखाली अंगठा सरकवायचा. अंधारात, नुसत्या स्पर्शाने, तोंड पुढे आहे की आपल्याकडे, हे कळायला हवे. उलटी धरलेली डबी हा विनोद वाटतो, पण सरावात तो वारंवार घडतो आणि तिथे घडलेलाच बरा. चेहऱ्यावर पाणी उडते, हशा पिकतो आणि धडा कायमचा बसतो.

नेमही तसाच. भिंतीवर जुने वर्तमानपत्र चिकटवून त्यावर डोक्याच्या उंचीला चेहरा काढला की ओला डाग सगळे सांगून जातो. नवशिक्यांची धार बहुतेक छातीवर पडते, कारण माणूस कमरेच्या उंचीवरून मारतो. डोळ्यांच्या रेषेत, या कानापासून त्या कानापर्यंत, अर्ध्या-एक सेकंदाचा फवारा, थांबून पाहायचे, लागल्यास पुन्हा. घाबरलेला माणूस कळ दाबून धरतो ती सोडतच नाही आणि लहान डबी काही सेकंदांत रिकामी होते. खरी डबी अशी रिकामी करून पाहायला कोण धजावेल? पाण्याची करता येते.

वारा हा वेगळाच विषय. अरुंद धार मारणारी डबी वाऱ्यात टिकते, पण नेम मागते. ढगासारखा फवारा मारणारीला नेम कमी लागतो, पण समोरून झुळूक आली की ढग घरी परततो. जेल प्रकार चिकटतो आणि बंद जागेत कमी पसरतो. मरीन ड्राइव्हवर आणि लोकलच्या डब्यात एकच डबी सारखी वागणार नाही, हे कळायला तिखटाची गरज नाही. पाण्याचे तुषार कुठे जातात ते पाहिले तरी पुरे.

सरावातला सर्वांत दुर्लक्षित भाग फवाऱ्यानंतरचा. लोक फवारा मारून जागीच उभे राहतात, जणू परिणाम बघायला. समोरचा माणूस आंधळा झाला तरी त्याचे हात चालू असतात आणि तो शेवटी जिथे आवाज ऐकला तिथेच झेपावतो. म्हणून चांगले प्रशिक्षक मारणे आणि सरकणे हे एकच कृत्य म्हणून शिकवतात: ओरडायचे, फवारायचे, तिरके बाजूला व्हायचे, पळायचे, मग ११२ला फोन. पाण्याच्या डबीने हे वीस-तीस वेळा करता येते. जोडीदाराने गॉगल मात्र लावलाच पाहिजे, कारण दाबाने सुटलेले साधे पाणीही जवळून डोळ्यात गेले तर इजा करू शकते.

सरावाच्या डबीचा एक धोका तिच्या गुणातूनच येतो. ती खऱ्यासारखी असते. खरीच डबी सरावाची समजून मैत्रिणीच्या तोंडावर मारली गेली तर वर्ग तिथेच संपतो. उलट झाले, म्हणजे पाण्याची डबी पर्समध्ये राहून गेली, तर परिणाम त्याहून वाईट. हातातली वस्तू ओळखण्यात अनुभवी माणसेही चुकतात. ११ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेतील ब्रुकलिन सेंटर इथे २६ वर्षे नोकरी झालेल्या पोलीस अधिकारी महिलेने ‘टेझर’ (विजेचा झटका देणारे उपकरण) असे ओरडत प्रत्यक्षात पिस्तुलातून गोळी झाडली आणि २० वर्षांचा डाँटे राइट मरण पावला. म्हणून शिस्त सोपी आणि कडक असावी. सरावाच्या खोलीत एकही खरी डबी नको, दारातच सगळ्या जमा. पाण्याच्या डबीवर ठळक रंगाची चिकटपट्टी, आणि ती घरी नेताना पर्समध्ये टाकायची नाही.

पाणी काय शिकवू शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. खऱ्या फवाऱ्याने काही माणसे लगेच थांबत नाहीत. चष्मा, नशा, संताप यांमुळे काही सेकंद निसटतात. शिवाय थोडा अंश आपल्याही नाकात जातोच. अमेरिकेतील अनेक पोलीस अकादमींत आणि मरीन दलात शिकाऊंच्या डोळ्यांवर खरा स्प्रे मारून त्यांच्याकडून पुढची कामे करून घेतात, ती याच कारणाने. पोलिसाला त्या जळजळीत उभे राहून काम करायचे असते. कॉलेजच्या शिबिरात तसे काही करण्याचा उत्साह कोणी दाखवला तर त्याला तिथेच थांबवावे. दमा असलेल्या मुलीच्या तो जिवावर बेतू शकतो, आणि मुलींना पळायचे आहे, झुंजायचे नाही.

चुकून झोंबलाच तर? दूध, अँटासिड, बेबी शाम्पू, सगळ्यांचे गोडवे ऐकू येतात. २००८ साली ४९ स्वयंसेवकांवर झालेल्या चाचणीत अँटासिड, भूल देणारा लिडोकेन जेल, बेबी शाम्पू, दूध आणि पाणी यांची तुलना झाली. वेदना कमी करण्यात त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. वेळ गेला तसा दाह कमी झाला. तेव्हा मोकळ्या हवेत जावे, डोळे न चोळता भरपूर पाण्याने धुवावेत, उघडमीट करीत राहावे, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढाव्यात. श्वास लागत असेल तर थेट डॉक्टर.

भारतात पेपर स्प्रेला शस्त्र परवाना लागत नाही. औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन, काही शे रुपयांत तो मिळतो. सरावाची डबी मात्र इथल्या दुकानांत क्वचितच दिसते, कारण ग्राहक ती मागत नाही. मग मुदत संपलेली डबी उपयोगी पडते, पण मुदत संपते म्हणजे मुख्यतः दाब उतरतो; तिखट तसेच असते. ती सरावाची डबी नव्हे. मोकळ्या माळावर, वारा पाठीशी घेऊन, आसपास माणूस-जनावर नसताना ती एकदाच मारून पाहावी, पल्ला आणि धार कळते. मग पूर्ण रिकामी झालेली तीच डबी, बाहेरून साबणाने नीट धुऊन, पकड आणि कुलूप घोटायला ठेवता येते. नेमाच्या सरावासाठी झाडांवर पाणी मारायच्या छोट्या पंपावर भागवावे लागते. हे सगळे जुगाड आहे. शिबिरे भरवणाऱ्या संस्थांनी एकत्र मागणी केली तर खऱ्या सरावाच्या डब्या आणणे कोणत्याही उत्पादकाला अवघड नाही.

कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे आणि कलम ३७ म्हणते की बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येणार नाही. पार्किंगवरून जुंपलेल्या भांडणात डबी काढणे त्यात बसत नाही. मे २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका प्रकरणात, जिवाला तसा धोका नसताना स्प्रे वापरल्याचे सांगत, गुन्हा रद्द करायला नकार दिला आणि पेपर स्प्रेला घातक शस्त्र मानले. विमानात केबिन बॅगेतून तो नेता येत नाही. शिक्षणासाठी ब्रिटनला निघालेल्या मुलीच्या सामानात आई प्रेमाने डबी ठेवणार असेल तर तिने थांबावे: तिथल्या १९६८च्या बंदुकांच्या कायद्यात पेपर स्प्रे प्रतिबंधित शस्त्रांत मोडतो. कॅनडातही माणसांसाठीचा स्प्रे निषिद्ध आहे, अस्वलांसाठीचा चालतो, पण तो माणसावर वापरायचा हेतू दिसला की तोही गुन्हा.

डबी घेणाऱ्यांच्या मनात हल्लेखोर म्हणजे अंधारातला अनोळखी माणूस असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसते ते निराळे आहे. बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. काकांवर, शिक्षकांवर, मित्रावर स्प्रे काढायला हात धजत नाही आणि तो अडथळा पाण्याच्या डबीने सुटत नाही. त्यावर काम करणारा एक अभ्यासक्रम कॅनडात शार्लिन सेन यांनी तयार केला. तीन विद्यापीठांतील ८९३ विद्यार्थिनींवर त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. पुढच्या वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण नुसती माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के होते, अभ्यासक्रम केलेल्या गटात ५.२ टक्के. तीन-तीन तासांचे चार भाग, एकूण बारा तास. त्यातले हातापायांच्या बचावाचे शिक्षण जेमतेम दोन तासांचे होते. बाकीचा बराचसा वेळ गेला तो ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका आधी ताडायचा कसा आणि त्याचे मन राखण्याची भीड मोडून ‘नाही’ म्हणायचे कसे, ते मोठ्याने म्हणून पाहण्यात.